माळ्यावरची परात

आई, विश्रांतवाडीचं घर तेच आहे, ओटाही तोच. तू गेलीस तेव्हा मी चौथीत होतो. तुझा चेहरा आता फोटोतलाच आठवतो, पण हात पक्के आठवतात. बाळंतपणाच्या वॉर्डातली सिस्टर तू. एखादं बाळ जन्मून रडलंच नाही, की त्या दिवशी घरी येऊन कुणाशी बोलायची नाहीस. पर्स खांद्यालाच, आणि परातीत कणीक मळायला घ्यायचीस. मळता मळता हात बदलायचा. गोळा तळहातावर पालथा घेऊन त्याच्या पाठीवर, हो, पाठच ती, दोन बोटं घासायचीस, खालून वर, खालून वर, आणि हळूच म्हणायचीस, "रड की रे राजा. रड की." बाबा दारातून म्हणायचे, "पोळ्या करतेस का बारसं?" तू वळायचीही नाहीस. मी दाराआडून गोळ्याकडे टक लावून बघायचो. तो हलेल असं वाटायचं. एकदा हललाही. शेवटी दर वेळी मी भोकाड पसरायचो, तुझा हात थांबायचा. "आला आवाज," म्हणायचीस, कणकेवर ओला फडका टाकायचीस आणि मला उचलून घ्यायचीस.

परवाचं सांगतो. एक मुलगी आहे. अमरावतीकडची, तुझ्यासारखीच सिस्टर, तसल्याच वॉर्डात. तिच्यापायी मी कॉलेज सोडलं असं बाबा म्हणतात. खरं तर कॉलेज आधीच सुटलं होतं. ती भेटल्यावर परत जायचं काही कारण उरलं नाही, एवढंच. परवा दुपारी तिच्या इन्चार्ज सिस्टरांचा फोन आला. "बाळ गेलं रे. त्याची आई हिलाच विचारतेय, काय झालं म्हणून. हिला तुझ्याकडे पाठवलंय. एकटी ठेवू नकोस. बोलायलाही लावू नकोस, नुसता जवळ बस. डिलिव्हरीला जे जे होतो ते आम्ही सगळे उद्या झालं ते बोलायला एकत्र बसणार आहोत, मग त्या बाईंकडे मी हिच्यासोबत जाईन." आता नुसतं बसणं मला कधी जमलंय? ती दारात दिसली तसा मी सुरू. डिलिव्हरीच्या त्या डॉक्टरला बघतोच, तू राजीनामा फेक तोंडावर, मी कॉलेज सोडलं तर मेलो का?

"मेला नाहीस, पण जगून कोणते दिवे लावून राहिला?" ती म्हणाली. "ओरडू नको. मी उद्या जाणारच नाही. परत कधीच नाही. त्या बाईला तोंड कसं दाखवू?" आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून स्वयंपाकघरात गेली.

कणकेचं मी तिला कधीच सांगितलेलं नाही. तुझी परात बाबांनी तू गेल्यावर माळ्यावर टाकली होती. परवा ती ओट्यावर कुणी काढून ठेवली, मला अजून कळलेलं नाही. बाबा म्हणतात, मी नाही. त्याच परातीत ही कणीक मळायला लागली. घरात पंखासुद्धा वाजत नव्हता. मग हात बदलला. गोळा पालथा, दोन बोटं, खालून वर. "रड की रे राजा. रड की." तुझेच शब्द, तुझ्याच चालीत. पळावंसं वाटलं, पण इन्चार्ज बाईंचं आठवलं आणि मी तिथेच, फरशीवर, तिच्या पायांशी बसलो. बराच वेळ ती घासत होती. मग मलाच रडू फुटलं. तिचा हात थांबला. "आला आवाज," ती म्हणाली, आणि ओल्या फडक्यासाठी न बघता मागे हात केला.

दुसऱ्या दिवशी ती इन्चार्ज सिस्टरांसोबत गेली. बाळाच्या आईने तिचा हात धरला आणि एवढंच विचारलं, बाळ कुणासारखं दिसत होतं. तिने सांगितलं. आजही गेलीय ड्यूटीला.

हे पत्र पाठवणार कुठे? परातीत ठेवून परात पुन्हा वर सरकवतो. एक राहिलं, आई. लहानपणी दाराआडून मी रडायचो ना, ते मुद्दाम. तुला कुणाचा तरी आवाज यावा म्हणून. परवा मात्र मुद्दाम रडावं लागलं नाही.