सुमनची ट्यूब

३ नोव्हें.
भातात पुन्हा खडा. सुमनचं म्हणणं, स्वयंपाकघरातली ट्यूब मंद झालीये, तांदूळ निवडताना दिसत नाही. ट्यूब बदलली, स्टार्टरही. मला लख्ख दिसतं. पण बायकोपुढे कोण बोलणार.

५ नोव्हें.
"अवं, बदलली का नुसती पुसली?"
सुमनचं समाधान नाही. ओतूरला जाऊन नवी बघतो.

७ नोव्हें.
ओतूर. इलेक्ट्रिकवाल्या शेठकडे तासभर. "काका, जाड ट्यूब, जुना चोक सोडा आता. बारीक नळी घ्या, इलेक्ट्रॉनिक चोक. फडफड नाय, गुणगुण नाय." पिवळसर की पांढरी, एका नळीची पट्टी की दोन... भीक नको पण कुत्रं आवर. दोन नळ्यांची पांढरी उचलली.

८ नोव्हें.
वायरमनने पट्टी बसवली. माझेच डोळे दिपले. जुनी गोठ्यात ठेवली.
दिवेलागणीला बटण दाबलं. सुमन रोजच्यासारखी हात जोडायला उभी राहिली. उभीच.
म्हटलं, काय झालं?
"लावा की मग."
ट्यूब लागलेली होती. खिडकीतून अजून उजेड येत होता, म्हणून कळलं नसेल. असेल तसंच.

९ नोव्हें.
खिडकीचं खरं नाही. जुना चोक गुणगुणायचा, स्टार्टर टकटक करायचा. ते ऐकून ही हात जोडायची. मला वाटायचं, बघून जोडते. किती दिवस हे चाललंय? आणि मी ट्यूबा बदलतोय. रोग रेड्याला, औषध पखालीला.
भीती वाटतेय.

१० नोव्हें.
नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं.
"माज्या डोळ्यांना काय झालंय? ट्यूबच भिकार आणलीय तुमी. आदी जुनी लावा, मग बगू."
तिलाही ठाऊक आहे. आवाजावरून कळतं. जास्त ताणलं नाही. ताणायला हवं होतं.

१२ नोव्हें.
वायरमनला बोलावून जुनी पट्टी परत चढवली. तो माझ्याकडे बघत राहिला.
दिवेलागणीला बटण दाबलं. सगळ्यांच्या विहिरींवरच्या मोटरी चालू, व्होल्टेज पार खाली. ट्यूब काही पेटेना. दोन्ही टोकं नुसती लालसर, चोकची गुणगुण तेवढी सुरू.
सुमनने हात जोडले. "बगा, आता कसं लख्ख पडलं."
मी हो म्हणालो आणि अंधारात हात जोडले.
मग तिने तांदळाचं ताट पुढ्यात ओढलं. मी शेजारी बसून चाचपत तिच्याआधी खडे वेचायला लागलो. तिच्या बोटाला बोट लागलं तर कळेल, म्हणून जपून. सकाळी नारायणगावची एसटी आहे. तिला सांगायचं ते वाटेत सांगेन.