गोदाआत्या रडली नाही

१९ जानेवारी, रविवार

आठ गाणी झाली. नववं नाही!

सकाळी इंदूरहून ललितजींचा फोन. स्टुडिओ त्यांचा, अल्बम माझा — पहिला. म्हणाले, "आठों अच्छे हैं, वैजयंती. पर वो तेरी बुआ वाली बात? वो गाने में कहाँ है?" म्हणजे नीलेशने सांगितलं. त्याच्या पोटात काही राहील तर शपथ.

चूक माझीच. चार वर्षांपूर्वी इतवाऱ्यातल्या एका लग्नात आमचा ऑर्केस्ट्रा होता. नीलेश कीबोर्डवर. जेवताना त्याने पेनड्राइव्ह दिला — अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांची गाणी, चर्चमध्ये गात मोठ्या झालेल्या. "सुन यार, इसको सोल बोलते हैं." ऐकलं आणि हसूच आलं. अरे, ह्या तर माझ्या गोदाआत्यासारख्या रडतात! ते मी त्याला बोलून बसले.

२० जानेवारी

आत्याचं रडणं म्हणजे काय ते एकदा लिहूनच ठेवते.

आमच्या लोधीपुऱ्यात कुणी गेलं की तिला बोलावणं येतं. ती प्रेताच्या उशाशी बसते, पदर तोंडावर ओढते आणि हेल काढून बोलायला लागते. गेलेलं माणूस कसं जगलं, कुणी छळलं, शेवटचं पाणी कुणी पाजलं — सगळं सुरात. बाकी बायका मागून सूर धरतात. तिथे जे बोललं जातं त्यावर नंतर कुणी भांडत नाही. मालूबाई गेली तेव्हा आत्याने तिच्या मुलाचं नाव घेऊन सांगितलं, यानं म्हातारीला गोठ्यात झोपवलं. तो मान खाली घालून ऐकत होता. नियम एकच. प्रेतासमोर खोटं बोलायचं नाही.

मी गाणं तिच्या मागे बसून शिकले. दुसरीकडे कुठे शिकणार होते?

आणि हीच बाई माझ्या आईच्या वेळी रडली नाही. मी आठ वर्षांची, आत्या सणाला आमच्याकडे आलेली. कागदाच्या मिलचं क्वार्टर, आई पांढऱ्या चादरीत, बायका आत्याकडे बघताहेत — सुरू कर म्हणून. आणि ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. एक शब्द नाही! "नणंद ती नणंदच," असं कुणीतरी बोललं. ते मला अजून ऐकू येतं.

पुढे तिनेच मला इथे आणलं, वाढवलं, शाळेत घातलं. सगळं मान्य. पण ते मी माफ केलेलं नाही. अल्बममधलं पहिलं गाणं त्याचंच आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

शेवटी विचारलं. मोबाईल समोर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. म्हटलं, आत्या, आज रड माझ्या आईवर. सोळा वर्षं उशिरा का होईना.

"जित्या घरात तसं रडत नही, माय. कोनाले धाडायचंय का तुले?"

आईचा फोटो ठेवते समोर, म्हटलं.

"फोटो म्हंजे मानूस नही."

मी ओरडले. नको नको ते बोलले. ती डाळ निवडत होती, ती निवडत राहिली.

११ फेब्रुवारी

बापाला आणलं.

उमेशकाकाने, म्हणजे मिलमधल्या त्याच्या जुन्या सोबत्याने, रिक्षात घालून आणला. लिव्हर गेलंय. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट हे एवढं. मी दार लावून घेणार होते, पण आत्या माझ्या आधी पोचली.

हाच तो सखाराम. दारू प्यायला की मला स्टुलावर उभी करायचा, मित्रांसमोर — "गा!" सूर हलला की कानाखाली. आई मध्ये आली की आईला. आई गेल्यावर आत्या माझा हात धरून निघाली, तेव्हा हा अंथरुणावरून उठलासुद्धा नाही.

आज म्हणतो, "वैजू, गानं म्हन ना एक."

नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नाही म्हटलं! बरं वाटलं. मग मोरीत जाऊन रडले. कशासाठी, कोण जाणे.

१६ फेब्रुवारी

ललितजी : "और कितने दिन?"

२७ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. समजायचं ते समजलो.

एक घाणेरडी गोष्ट लिहायचीय. हा गेला की आत्या रडणार. सख्खा भाऊ — रडावंच लागेल तिला. आणि त्या वेळी माझा मोबाईल चार्ज असायला हवा. परवापासून मी तो सारखा चार्जिंगला लावतेय.

मी बापाच्या मरणाची वाट बघतेय. गाण्यासाठी! लिहिलं. खोडणार नाही.

दुपारी त्याला पेज भरवली. तोंडातून गळली, पुसली. मुकाट पुसून घेतो आता.

९ मार्च, रविवार

गेला. सकाळी साडेदहाला. अर्धा कप चहा तसाच राहिला.

१० मार्च

रेकॉर्ड केलं. मोबाईल ओढणीखाली धरून बसले होते काल, चोरासारखी.

आत्याने पदर ओढला. आधी त्याचं लहानपण — तापीत उड्या मारायचा, आजारी बहिणीसाठी पेरू चोरून आणायचा. बायका सूर धरून होत्या. मिलची नोकरी आली, शाहपूरची नवरी आली — यमुना, माझी आई. मग आत्याचा आवाज एकदम खाली उतरला, छातीतून यायला लागला. शब्द जसेच्या तसे उतरवते :

भाऊ रे, आखाजीले माहेरी जाते म्हने यमुना,
भाऊ रे, तू जाऊ नही देली.
सयपाकघरात कोंडली, आत स्टो भडकला,
ती वरडे, तू म्हने वरडू दे,
भाऊ रे, दार उघडलं नही तू!

बायकांचा सूर तुटला. उमेशकाका उठून बाहेर गेला. आत्या एकटीच रडत राहिली.

स्टोव्ह भडकला, एवढंच मला सोळा वर्षं सांगत आले सगळे. दार बंद होतं हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी मी शाळेत होते. परत आले तर अंगणात माणसंच माणसं.

पुढचं लिहवत नाही. लिहिते तरी.

आता कळलं ती आईच्या वेळी का गप्प बसली. खरं रडली असती तर भाऊ तुरुंगात गेला असता. खोटं तर प्रेतासमोर चालत नाही. मग भिंतीकडे तोंड! आणि मी तिला दगड म्हणत होते. आज सकाळी तिच्या पाया पडले. तिने पाय मागे घेतले, म्हणाली, "नको, वैजू. नको पडू."

बापाची चीड येते आहे पण ती काढायला बाप नाही. जाळून आलो त्याला.

३० मार्च, रविवार

इंदूर. नववं गाणं झालं!

रेकॉर्डिंग ललितजींना ऐकवलंच नाही. मी स्वतः म्हटलं, आत्याचेच शब्द, एकही इकडचा तिकडे नाही. वाद्यं नकोत म्हटलं. फक्त शेवटची ओळ माझी घातली, ती परत परत घोळवली —

भिंतीकडे तोंड करून एकटी रडली, तीच माझी आई.

ललितजींना आमची बोली ओ की ठो कळत नाही. तरी चष्मा काढून डोळे पुसत होते. "यही है, वैजयंती. यही सोल है." एकाच दमात झालं, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं नाही. नीलेशने बाहेर येऊन पाण्याची बाटली दिली.

अल्बमचं नाव 'यमुना'. आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला काढायचा. त्या दिवशी आईला माहेरी जायचं होतं, म्हणून.

३० एप्रिल, आखाजी

सकाळी आला अल्बम. नीलेशचे तर मेसेजवर मेसेज.

आत्याने गेलेल्यांच्या नावाने घागरी भरल्या. एक बापाची, एक आईची. मग म्हणाली, लाव तुझं. मी नववं लावलं. डोळे मिटून ऐकत होती. माझी ओळ आली तशी म्हणाली, "बंद कर. तिच्या घागरीसमोर खोटं वाजू राहिलं."

मी मोबाईल उचलला.

"कडी मी लावली व्हती, वैजू. भाऊ म्हने लाव, मी लावली. तो पिऊन आडवा पडला व्हता. मी दारापाशीच उभी व्हती."

मोबाईल बंद करायचं मला सुचलं नाही. त्यात मी तिला आई म्हणत होते.