पान सतरावरची होडी

मी, मार्तंड त्रिंबक नेने, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार शिशिर सहकारी गृहनिर्माण संस्था, पहिला मजला, मुलुंड पूर्व, मुंबई, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली नसताना आणि डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू सोडल्यास बाकी सर्व जागच्या जागी असताना, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. पत्नी राधा गेल्यावर, सन १९८१ साली, मी एक मृत्युपत्र केले होते. ते दीड पानाचे होते आणि त्यात नुसत्या वस्तू होत्या. ते रद्द समजावे.

एक. राहती जागा, बँकेत व पोस्टात जे काही असेल ते, आणि राधाचे दागिने माझी एकुलती एक मुलगी जयंती हिला द्यावेत. ती म्हणेल, "बाबा, मला बोरिवलीला आहे ना घर, कशाला?" घे गं मुकाट्याने. गॅलरीतली अबोली राधाने लावलेली आहे. जागा विकलीस तरी कुंडी घेऊन जा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही जयंतीनेच करावी.

दोन. माझी शिसवी पट्टी. हिने मी अठ्ठावीस वर्षे टेबलावर ताल धरला आणि मुलांकडून कविता चालीवर म्हणून घेतल्या. मुलाच्या हातावर ती फक्त दोनदा उठली. दोन्ही मुलांची नावे मला अजून पाठ आहेत, दोन्ही वेळा चूक माझी होती. अजूनही दुपारी डोळा लागला की साठ पोरांचा आवाज एका चालीत कानावर येतो आणि त्यात एक बेसूर असतोच. तो बेसूर दशरथ. त्याच्याबद्दल पुढे येईल. पट्टी मी आमच्या सोसायटीचे सचिव आणि माझे तीस वर्षांचे मित्र नंदकिशोर कर्णिक यांना देतो. त्यांना ताल नाही, पण सभेत टेबल आपटायची सवय आहे.

तीन. आता ज्यासाठी हे मृत्युपत्र नव्याने लिहायला बसलो ते कपाट.

तळमजल्यावर पंपाच्या खोलीशेजारी आमचे वाचनालय आहे. तिथले उजव्या भिंतीचे लाकडी कपाट आणि त्यातील सर्व पुस्तके व वह्या माझ्या स्वतःच्या मालकीच्या आहेत. सोसायटीला मी त्या वाचायला दिल्या, दान दिल्या नाहीत. कपाटात आफ्रिकेतल्या लेखकांच्या अठरा इंग्रजी कादंबऱ्या आहेत आणि त्यांची मी केलेली मराठी भाषांतरे, दोनशे पानी चाळीस वह्यांत. एकेचाळिसावी वही वेगळी आहे.

ही पुस्तके माझ्याकडे कशी आली ते सांगितल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

सन १९४६ साली सातवीच्या भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर लिहिले, "आफ्रिका हे अंधारखंड आहे." मुलांनी ते उतरवून घेतले. क्रमिक पुस्तकात तसेच होते आणि मला तो शब्द कवितेतल्यासारखा गोड वाटला होता. पुढची अठरा वर्षे मी तो शब्द दरवर्षी लिहून घेतला. त्या पहिल्या वर्गात दशरथ पेडणेकर होता. तो पुढे जहाजावर खलाशी झाला. १९६४ साली तो मोंबासाहून परतला, तडक माझ्या घरी आला आणि एक पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाला, "गुरुजी, हे तिथल्याच माणसानं लिहिलंय. तुम्ही आम्हाला अंधारखंड लिहून दिलं होतं ना? तिकडं लोक भर उन्हात बाकड्यावर बसून हे वाचत होते."

मी ते पुस्तक शब्दकोश घेऊन चार महिन्यांत वाचले. मग दशरथ दर सफरीला एक आणू लागला, कधी मोंबासाहून, कधी लागोसहून. आणि मला भाषांतराचे वेड लागले. राधा म्हणायची, "दुसरे नवरे पत्ते खेळतात, माझा आफ्रिकेला जातो."

१९७९ साली दशरथ मोंबासाच्या बंदरातच तापाने गेला. त्याच्या पत्नीला, जानकीबाईंना, सोसायटीने झाडलोटीचे काम दिले. त्या भांडुपला चाळीत राहतात. वाचनालयाची खोलीही त्याच झाडतात.

चार. माझ्या चुकीची कबुली. वाचनालयाचे नियम १९७८ साली मीच लिहिले. नियम चौथा असा की पुस्तके फक्त सदनिकाधारकांना मिळतील. नियम अकरावा असा की पाच वर्षांत रजिस्टरात एकदाही नोंद न झालेले पुस्तक रद्दीत द्यावे. जुनी गाइडे हटवण्यासाठी मी तो केला होता आणि त्यातल्या भाषेचा मला अभिमानही होता.

यंदा जूनमध्ये नंदकिशोर रजिस्टर काखेत घेऊन आले. उजव्या भिंतीला रंगीत टीव्ही बसवायचा आहे, सगळ्यांना रविवारची मालिका एकत्र बघता येईल, असे म्हणाले.

"मार्तंडा, तुझ्या कपाटाची एक तरी नोंद दाखव. एकच दाखव यार, मी टीव्ही छताला टांगतो."

"अरे, गेल्या ऑक्टोबरात जगातलं सगळ्यात मोठं साहित्याचं पारितोषिक आफ्रिकेतल्या लेखकाला मिळालं. पेपर आणून दाखवला होता तुला."

"मिळालं ना? झकास. पण आपल्या रजिस्टरात आहे का तो?"

"नाही."

"मग? नियम कुणाचा?"

नियम माझा. ऑगस्टच्या वार्षिक सभेत ठराव येणार असे ठरले.

नंदकिशोर, त्या दिवशी मी तुझ्याशी जो अबोला धरला तो नऊ दिवस टिकला. तो मी या कलमान्वये अधिकृतपणे मागे घेतो.

पाच. त्या नऊ दिवसांत मी निरोप घ्यावा तशा वह्या एकेक करून घरी आणल्या आणि भिंग लावून वाचू लागलो. वाचनालय चालवणाऱ्या प्रत्येकाला वाचकांची एक खोड ठाऊक असते. जाड पुठ्ठ्याची बांधणी झाली की सगळी पुस्तके सारखी दिसतात, म्हणून आपण हे वाचले की नाही ते कळावे यासाठी प्रत्येकजण आपल्या ठराविक पानावर बारीक खूण करून ठेवतो. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर शुभा पान नऊवर टिंब देतात. नंदकिशोर पान पन्नासवर स्वतःची सही करतात, सचिव असल्यामुळे.

माझ्या पहिल्या वहीत पान सतरावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने काढलेली होडी होती. हरभऱ्याएवढी, वर शीड. दुसरी वही उघडली. पान सतरा, होडी. रात्रीच्या जेवणाची वेळ होईतो मी बारा वह्या तपासल्या. चाळीसच्या चाळीस वह्यांत होडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. जानकीबाई लादी पुसत होत्या. मी वही पुढे धरली. त्यांनी हातातले फडके बादलीत टाकले आणि उभ्या राहिल्या.

"जानकीबाई, ही होडी तुमची?"

"खोडून टाकतंय, गुरुजी."

"अहो, खोडू नका! रजिस्टरात नाव का नाही लिहिलंत?"

"माझा नाव कसा येतला? मी मेंबर खंय? तुमचोच नियम आसा तो, दारार लावलेलो." मग वहीकडे बघत म्हणाल्या, "ह्यांनी हाडलेली पुस्तका. हे खंयच्या गावात फिरत होते ता माका बघूचा होता. इंग्लिश येयना, म्हणून तुमची वही."

"मग दिसलं का?"

"दिसला. बंदर दिसला, बाजार दिसलो. पण माणसा सगळी आमच्याच गावची निघाली हो!"

आणि मग त्या बोलत सुटल्या. खाणीत कामाला गेलेला मुलगा, ज्याच्या आईला पत्र येत नाही, तो त्यांच्या सासूचा धाकटा झील, म्हणजे त्यांचा दीर होता, गिरणीत आलेला. गोरा साहेब गेल्यावर त्याच खुर्चीत बसून त्याच्यासारखाच ओरडणारा काळा साहेब त्यांनी वॉर्ड ऑफिसात पाहिलेला होता. संध्याकाळी चाळीत सुंगटे, म्हणजे कोळंबी, सोलताना त्या बायकांना या गोष्टी सांगतात. आठ-दहाजणी असतात. वह्यांतली गाणी मी ओवीत बांधली होती. ती त्यांच्या शेजारीण सुगंधाबाईंनी चालही बदलून पाठ केली आहेत.

"चाल बदलली?" मी जरा दुखावूनच विचारले.

"तुमची चाल शाळेची, गुरुजी. कामाक उपयोगाची नाय."

तीस वर्षांत माझ्या चालीवर कुणी इतके खरे बोलले नव्हते.

निघताना त्यांनी मला उद्या थांबायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून दशरथची सातवीची भूगोलाची वही आणली. इतकी वर्षे जपलेली. त्यात ते वाक्य होते आणि शेजारी माझ्या लाल पेन्सिलीने "उत्तम" लिहिलेले होते. मी लाल पेन्सिल मागवली, आधी "उत्तम" खोडले, मग "अंधारखंड" खोडले, आणि समासात लिहिले: "शिक्षकाने पुन्हा अभ्यास करून यावे."

सहा. तो अभ्यास म्हणजे एकेचाळिसावी वही. "आफ्रिकेची कादंबरी: उगम आणि वाढ" असे तिचे नाव. त्यात मी मला समजले तसे लिहिले आहे. कादंबरीच्या आधी तिथे शेकोटीभोवती आजीच्या गोष्टी होत्या, हजारो वर्षे. मग मिशनऱ्यांचे छापखाने आले, आपल्याकडे आले तसेच, आणि तिथल्या तरुणांनी त्यांच्याच खिळ्यांनी आपल्या भाषेत पहिल्या कादंबऱ्या छापल्या. गोऱ्यांनी लिहिलेल्या आफ्रिकेत आफ्रिकी माणूस बोलतच नसे. तो नुसता वल्ही मारी. स्वातंत्र्याच्या सुमारास त्याने तोंड उघडले आणि आपले गाव आपण सांगितले, गुणदोषांसकट. स्वातंत्र्यानंतर त्याने स्वतःच्याच पुढाऱ्यांना जाब विचारला. पुढे भांडण पेटले की लिहायचे कुठल्या भाषेत, साहेबाच्या की आईच्या. एका लेखकाने तर तुरुंगात मिळेल त्या कागदावर आईच्या भाषेत कादंबरी लिहिली. हे पेपरात वाचून मी पट्टीने टेबलावर ताल धरला होता. राधा धावत आली होती.

बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांवर मात्र माझ्याकडे एकच पान आहे, कारण दशरथने बाईचे पुस्तक एकच आणले. पुढची एकशे बारा पाने कोरी आहेत.

सात. म्हणून मी लिहून ठेवतो की ते कपाट, अठरा पुस्तके, चाळीस वह्या, कोऱ्या पानांसह एकेचाळिसावी वही आणि माझे शाईचे पेन श्रीमती जानकी दशरथ पेडणेकर यांना द्यावे. ऑगस्टच्या सभेने जागा दिली तर कपाट आहे तिथेच राहील आणि किल्ली जानकीबाईंकडे असेल. नाही दिली तर जयंतीने टेम्पो करून ते भांडुपला पोचवावे. कोऱ्या पानांवर जानकीबाईंनी चाळीतल्या बायका त्या गोष्टी ऐकून काय म्हणतात ते लिहावे. त्या म्हणतात, "माका लिहूक येयत नाय तसा." तसे नकोच आहे मला. जसे बोलता तसे लिहा. ऱ्हस्वदीर्घ तपासायला मी नसेन, ही मोठीच सोय आहे.

आठ. हे कलम काल रात्रीपर्यंत नव्हते. नववा दिवस सरला तेव्हा मी नंदकिशोरला वही क्रमांक सात दिली होती. म्हटले, ठरावापूर्वी निदान मुद्देमाल बघ. आज सकाळी तो दारात उभा.

"मार्तंडा, नियम चार आणि अकरा बदलायचा ठराव मीच मांडतो. टीव्ही दुसऱ्या भिंतीला जाईल, वायर जरा लांब घ्यावी लागेल."

"एवढी मेहेरबानी?"

"मेहेरबानी कसली? तो पोरगा खाणीतून वर येतो की नाही? वही तिथंच संपली ना. आठवी काढ आधी."

मी म्हटले, "रजिस्टरात नोंद कर, मग देतो." त्याने केली. मात्र पहिली ओळ त्याला मिळाली नाही. त्याच्या वर जानकीबाईंची चाळीस वह्यांची नोंद मी माझ्या हाताने आधीच केली होती.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे. जानकीबाईंना यात मिळणार आहे म्हणून कायद्याने त्यांना साक्षीदार होता येत नाही. पण हे मृत्युपत्र त्यांनी माझ्यासमोर बसून वाचले आहे. पान सतरा इथे नाही, तेव्हा शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने जे काढले आहे ते कुणी खाडाखोड समजू नये. ती वाचकाची खूण आहे.

लिहून ठेवणार: मार्तंड त्रिंबक नेने (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. नंदकिशोर वामन कर्णिक, सचिव (सही, या वेळी पान पन्नासवर नाही)
२. डॉ. शुभा अनंत टिपणीस (सही, लिहिणारे पूर्ण शुद्धीत आहेत, रक्तदाबही ठीक)

स्थळ: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: १९ जुलै १९८७, रविवार