हंबरड्याचा सराव

वडीलबंधू तेमिरदादास,

धाकट्या कुबातचा आतबाशीहून सलाम. इकडे सगळं ठीक, म्हणजे आई गेलेल्या घरात जितकं ठीक असतं तितकं. तुझी कंबर कशी आहे? मॉस्कोत थंडी पडली असेल, कानटोपी घालत जा (हे आई म्हणायची, आता मी म्हणतो, तू ऐकणार नाहीस हे तिलाही माहीत होतं).

आता मी मातीला कसा पोचलो ते ऐक. विमान बिश्केकला अंधारातच उतरलं, आणि आपल्या गावाला जाणारी नारिनकडची टॅक्सी भरल्याशिवाय हलेना. ड्रायव्हर म्हणाला, "जा, पाय मोकळे करून ये. पहाटे गिऱ्हाईक काय झाडाला लागतं?" म्हणून निघालो चालत. सगळं शहर झोपलेलं, रस्त्याकडेच्या पाटाचं पाणी तेवढं जागं. चालता चालता पुढचा प्रसंग डोळ्यांपुढे आला. दादा, आपल्याकडे मुलानं घरापासून लांबूनच हंबरडा फोडत यायचं असतं, आणि मला तो फोडता येत नाही! तुझ्यामागे उभं राहून नुसतं तोंड हलवायचं, ही माझी आजवरची रीत (आजोबांच्या वेळी तू दोघांपुरता ओरडलास). या वेळी तू येणार नव्हतास. एकदा निघालास तर रशियात परत शिरू देणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे अंगणात आईला ठेवलेल्या तंबूसमोर मी एकटा, आणि बाकावर गावातले म्हातारे कान टवकारून बसलेले. ते गाणं ऐकावं तसं रडणं ऐकतात आणि मग वर्षभर नावं ठेवतात.

तेव्हा ठरवलं, थोडा सराव करावा. ओकच्या झाडांच्या बागेत चिटपाखरू नव्हतं. एका पुतळ्यासमोर (कुणाचा ते अंधारात कळलं नाही, पण माणूस कडक असावा) कमरेत वाकून सुरुवात केली. पहिला आवाज शिंकेसारखा निघाला. दुसऱ्याला कुत्री जमली. तिसऱ्याला झुडपामागून एक झाडूवाली मावशी झाडू उगारून धावत आली. "पहाटे पहाटे ढोसून आलास मेल्या? घरी आईबाप नाहीत का?"

मी म्हटलं, "बाप आधीच गेला, मावशी. आई काल गेली."

दादा, तोवर हे वाक्य मी कुणापाशी बोललोच नव्हतो. बोललो आणि मटकन खाली बसलो. मग जे सुटलं त्याला सराव म्हणत नाहीत. मावशी झाडू टाकून शेजारी बसली आणि तीही रडायला लागली (तिची आई धडधाकट आहे, मी नंतर विचारलं). शेवटी नाक पुसून म्हणाली, "चांगलं रडलास रे. थोरला का तू?" म्हटलं, थोरला मॉस्कोत असतो. "मग त्याच्या वाटचंही रडून घे, गाडी सुटायच्या आत."

तसं केलं. परिणाम असा की घरी पोचलो तेव्हा घशात नुसती हवा. तंबूसमोर रिवाजाप्रमाणे काठी टेकून उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि काहीच नाही. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात झिपारताई आतूनच ओरडली, "वाटभर रडून आवाज बसलाय माझ्या भावाचा!" म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आता पंचक्रोशीत मी मोठा रडणारा ठरलोय. ताई माझ्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलली, आणि तिला मात्र वाटतंय की आपण थाप मारली.

आईची माती नीट झाली. तुझ्या नावाची मूठ मीच टाकली.

तुझा,
कुबात

ता. क. वहिनीचा फोन आला होता. तू स्वयंपाकघरात नळ सोडून रडतोस म्हणे. पाणी फुकट जातंय.

आणखी एक ता. क. तुझ्या वाटचं रडलो असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. मावशीनं सांगितलं, मी तोंडही उघडलं, पण तुझ्या नावानं आवाज फुटेना. तुझा वाटा तसाच शिल्लक आहे, दादा. एखाद्या पहाटे घराबाहेर पड, रिकामी बाग बघ आणि मोठ्यानं रड. कुत्री जमली तर जमू देत.