डाव्या चाकामागची वायर

४ जानेवारी, बुधवार

“दादा, गाडी करकरतेय.”

आईकडे जेवायला बसलो होतो. बहीण योंगराननं सूपमधल्या माशाचे काटे काढता काढता सहज सांगितलं. उतारावर ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून आवाज येतो म्हणे. “पण ब्रेकची बत्ती काही लागली नाही बरं का, म्हणजे विशेष नसेल. दादानं तपासून दिलेली गाडी!”

आई म्हणाली, “आणि डिकीत मासा आहेच की.”

गाडीला अपघात होऊ नये म्हणून तो सुका मासा आईनंच मे महिन्यात पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळून ठेवलाय. मी माझी जुनी विलायती गाडी बहिणीला दिली त्या दिवशी. चारही चाकांवर माकोली, तांदळाची दारू, ओतली, वाकून नमस्कार केला. शेजारी उभा राहून मीही केला. काय मेलं तोंड घेऊन केला, देव जाणे!

बत्ती कशी लागेल? मीच मारलीय ती.

५ जानेवारी

इथे कोण वाचतंय. लिहूनच टाकतो.

एप्रिलअखेर ब्रेकची पिवळी बत्ती लागली. पॅड झिजत आले की त्यात खोचलेला सेन्सरही घासतो, त्याची तार तुटते, बत्ती लागते — साधी गोष्ट. पॅड आणि सेन्सर दोन्ही बदलायचे, झालं. पण आईनं पंचांग बघून रविवार ठरवलेला आणि सामान यायला आठवडा. बत्ती लागलेली गाडी बहिणीला कशी द्यायची? लोक काय म्हणतील! मग सेन्सरचं टोक कापलं, दोन्ही तारा सोलून एकमेकींना पीळ घातला, वर काळी टेप. बत्ती गुल.

आठवीच्या पोरांना मी हेच शिकवतो. विजेचं मंडल पूर्ण झालं पाहिजे, बाळांनो. शाबास मास्तर!

पुढच्या आठवड्यात खरं काम करायचं होतं. मग परीक्षा आल्या. मग सहल. मग पाऊस. आणि मग इतके दिवस गेले की सांगायचीच लाज वाटायला लागली. आठ महिने! तिचं काम वर हेंगग्येला, मासे वाळवायच्या यार्डात. रोज देग्वाल्ल्योंगचा घाट चढायचा, रोज उतरायचा. जुन्या रस्त्यानं, कारण तिला वळणं आवडतात.

६ जानेवारी

पॅड, डिस्क, दोन सेन्सर — सगळं मागवलं. उद्या येईल.

८ जानेवारी, रविवार

“तेल बदलून देतो, गाडी ठेवून जा,” योंगरानला म्हणालो. आणखी एक थाप. तिनं वर संत्र्यांची पेटी दिली. “सुट्टीतसुद्धा माझ्यासाठी राबतोस रे.” मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी उचलायची लिफ्ट भाड्यानं मिळते त्या गॅरेजात नेली. चाक काढलं. बाहेरचा पॅड अजून बरा होता, वरवर बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मग आतला बघितला. घासणारा मसाला शिल्लकच नाही. नुसता पत्रा डिस्कवर घासतोय, डिस्कला नखभर खोल चर! आणखी एखादा आठवडा. फार तर दोन, मग ब्रेकच गेला असता.

गॅरेजवाले आजोबा डोकावले. त्यांना टेप दिसली.

“हा उद्योग कुणाचा?”

“आधीच्या मालकाचा असेल.”

“अशाला फटके दिले पाहिजेत. गाडी कुणाची?”

“बहिणीची.”

“बरं झालं तुम्ही बघितलंत.”

बरं झालं म्हणे!

पिस्टन मागे दाबला, नव्या डिस्क, नवे पॅड. सेन्सर पॅडच्या खाचेत टक्कन बसला. वायर जुन्याच चिमट्यांतून नेली, चाक वळलं की ताणली जाऊ नये म्हणून दोनदा स्टिअरिंग फिरवून पाहिलं. मागच्या उजव्या चाकाचंही तसंच. मग चावी फिरवून बटण दाबून धरलं, पडद्यावर हिरवी खूण आली. निघण्याआधी पेडल घट्ट होईस्तोवर दाबत बसलो. समुद्राच्या रस्त्यानं हळूहळू वीसेक वेळा ब्रेक मारून पॅड बसवले. एवढी काळजी आठ महिन्यांपूर्वी घेतली असती तर!

जुनी वायर खिशात आहे. टाकवत नाही.

९ जानेवारी

योंगरान खूश. नवरा दाल्सूला घेऊन घरी आली, वीस सुक्या माशांची जुडी घेऊन. “दादा, पेडलला नुसता पाय लावला की थांबते!” आज सांगायचंच असं ठरवून बसलो होतो. तेवढ्यात दाल्सूनं आदरानं दोन्ही हातांनी माझा पेला भरला.

“दादा, तेल कुठलं घातलंत हो? करकर पार गेली!”

तोंडाला येईल ते नाव सांगितलं. त्यानं लगेच फोनमध्ये टिपून घेतलं. गुणी माणूस. मी म्हणेन ती पूर्व दिशा.

११ जानेवारी

नाही सांगितलं. गाडी ठीक आहे ना आता? मग कशाला उगाच तिच्या जिवाला घोर — असं स्वतःला समजावतोय. खरं कारण वेगळं. ती मला दादा म्हणते तेव्हा तिचा चेहरा कसा होतो, तो मला गमावायचा नाहीये.

१३ जानेवारी, शुक्रवार

दुपारी दाल्सूचा फोन, यार्डातून; तोही तिथेच कामाला. “दादा, तुम्ही सांगितलेलं तेल यार्डाच्या व्हॅनमध्ये घातलं, पण तिची करकर काही जाईना.”

कसली करकर, विचारलं.

“ब्रेकची. बत्ती पण लागत होती महिनाभर, पण ती बंद केली मी. उन्हाळ्यात तुम्ही दिलेल्या गाडीचं पंक्चर काढताना वायर बघितली होती ना, तश्शीच जोडली! तुम्ही मास्तर, तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार.”

व्हॅन कुठाय?

“आत्ताच निघाली. वर बर्फ आहे, म्हणून योंगराननं गाडी इथेच ठेवली. सगळ्या बायकांना व्हॅनमध्ये घेऊन तीच चालवत खाली येतेय.”

तिला फोन लावला. उचलेना. परत लावला. तिसऱ्यांदा उचलला, मागे बायकांचा हसण्याचा गलका. ओरडलो — कडेला घे, आत्ताच्या आत्ता, पहिल्या गिअरवर, हँडब्रेक ओढ! थांबली. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे. मग सगळं सांगितलं. तार, टेप, तेल, सगळं.

मागचं हसणं थांबलं.

“म्हणजे मे महिन्यापासून मी...”

“हो,” म्हणालो.

तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही ठेवला.