पिवळं करण्याची कृती

२ जुलै २००६
रद्दीतून आणलेल्या जाड इंग्रजी पुस्तकातलं किमयेचं प्रकरण आज संपलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन तीन महिने लागले. जुन्या कॉन्स्टँटिनोपलचे (म्हणजे आजच्या इस्तंबूलचे) लोक सोनं करायला निघालेले वेडे, असं मी धरून चाललो होतो. वेडे कसले, निम्म्या कृती आमच्या गाळ्यातल्या. तांब्यावर सोन्याचा मुलामा, चांदी पिवळी करणं, काचेला रंग देणं. मठातले साधू त्या बसून उतरवून घ्यायचे. मी चाळीस वर्षं गिलीटकाम केलं, कोणी दोन ओळी उतरवल्या नाहीत.
सौ. म्हणते, "हे सांगणार कोणाला?"
पु.ला, जुन्या शेजाऱ्याला. आणखी कोण ऐकतंय.

९ जुलै
पु. आला. गिरगावात शेजारच्या खोलीत, इथं भाईंदरला समोरच्या विंगमध्ये. त्याला पुस्तकातल्या, कॉन्स्टँटिनोपलच्या एका पंडिताची गोष्ट सांगितली. तिथल्या सर्वांत मोठ्या धर्मगुरूने सोनं कसं करतात ते विचारलं, आणि याने पत्रच लिहून दिलं, कृतींसकट.
पु. म्हणाला, "कसोटीवर टिकायचा का रे त्यांचा मुलामा?"
म्हटलं, पाऱ्याचा जाड असेल तर वरवर घासून नाही कळत.
"मलाही लिहून दे की, त्या पंडितासारखं."
चार पानं लिहिली. इतक्या वर्षांत कोणी मागितलं नव्हतं. चहा दोनदा झाला.

२० ऑगस्ट
सोसायटीच्या देवीचा मुकुट आला. बायकांनी कोणी अंगठी, कोणी कानातलं दिलेलं, पु. खजिनदार, त्यानेच बाहेरून करून आणला. सौ.च्या डुलांतलं एक हरवलेलं, उरलेलं तिने त्यात घातलं. आरतीला हात जोडून बघत होती. मी लांबूनच पाहिला.

३ सप्टें.
पुस्तकात पुढे कळलं. त्याच पंडिताने नंतर त्याच धर्मगुरूवर आरोपपत्र लिहिलं. त्यात सोनं करण्याचा नाद हाही एक गुन्हा. स्वतः पत्र लिहून देणारा हा! लाज कशी वाटली नाही मेल्याला.
पु.ला सांगायला गेलो. "डोकं दुखतंय," म्हणाला. दारातूनच.

१४ सप्टें.
सेक्रेटरी शहाभाई मुकुट पिशवीत घालून घेऊन आले. पुजाऱ्याच्या बायकोने रिठ्याने धुतला तर कडेला लाल दिसलं.
"काका, आप ही देखो. आपका हाथ चालीस साल का."
खोल घासला. तांबं. वरती पाऱ्याचा मुलामा, घरी चढवलेला, कडेला थर पातळ पडलाय.
"लिखके दो काका, क्या है और किसने किया. घटस्थापना के पहले मीटिंग है."
सौ. आतून ऐकत होती.

१५ सप्टें.
पु.कडे गेलो. वहिनींना डायलिसिसला सोडून नुकताच आला होता. त्याने काही नाकारलं नाही.
"सोनं सगळं तिच्या सुयांत गेलं. तिला वाटतं, ऑफिसच्या फंडातून चाललंय."
म्हटलं, मला का नाही सांगितलंस?
"तू काय केलं असतंस? अजून चार पानं?"
हे लागलं. अजून लागतंय. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

१९ सप्टें.
दोन कागद फाडले. न लिहावं तर पंधरा घरच्या बायकांच्या तोंडाकडे बघायचं कसं? घरातच एक आहे. लिहावं तर मी तोच पंडित.
सौ. म्हणाली, "डूल गेलं त्याचं काही नाही हो. वहिनींना आता डायलिसिसला कोण नेणार सांगा."

२१ सप्टें.
लिहिलं. "धातू तांबे, वर सोन्याचा मुलामा. कृती मी लिहून दिली." कोणी केलं, ती जागा कोरी.
पु. आला, कागद वाचला.
"माझं नाव घाल. पण सुमनला आधी मी सांगतो. उद्या दोनला डायलिसिसवरून सुटते ती. येताना सांगतो."

२२ सप्टें.
चार वाजले. शहाभाईंचा निरोप दोनदा येऊन गेला, खाली खुर्च्या मांडतायत. कागद सदऱ्याच्या खिशात, नाव घातलंय.
आत्ता खिडकीतून पाहिलं. वहिनी रिक्षातून उतरल्या. एकट्याच. दंडाला पट्टी. वर बघून नेहमीसारख्या हसल्या, आणि हातानेच विचारलं, हे तुमच्याकडे आलेत का?