तोंडी परीक्षेची लेखी तयारी

तीर्थस्वरूप ताईंना,

सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे, साडूभाऊंचा गुडघा आता जिना चढू देतो का, हे विचारायला फोनच करणार होतो. पण फोनवर बोलावं लागतं, म्हणून पत्र. आम्ही दोघं ठीक आहोत. (जेवतो, झोपतो. तुम्ही हेच विचारणार होता.)

लेकीला विद्यापीठाच्या प्रवेशासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. वाचन, लेखन, ऐकणं यांत ती उत्तम आहे. अडलंय बोलण्यात, आणि तेवढ्यासाठी प्रवेश हुकला तर वर्ष गेलं. शिकवणीच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. सराव परीक्षेत तिला कुटुंबाबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं. "आम्ही दोघं आहोत," एवढं ती शुद्ध इंग्रजीत म्हणाली आणि थांबली. बाई वाट बघत राहिल्या. तीही. मग बाईंनी मला जरा दबकत विचारलं, "मराठीत तरी बोलते का हो ती?" मी विचार करून म्हणालो, "लागेल तेवढं." रोग कुठून आला ते त्यांना बहुधा तिथेच कळलं.

ताई, दोष इंग्रजीचा नाही. आमच्या घरात तिघांचं बोलणं तुमची बहीण एकटी करायची. डॉक्टरांकडे गेलो तर माझं पोट कुठे दुखतं हेही तीच सांगायची (आणि बरोबर सांगायची). मी दिवसभर मशीनवर चष्म्याची भिंगं घासतो. त्या मशीनच्या आवाजात बोलायची कुणी अपेक्षा करत नाही. संध्याकाळी घरी आलो की माझा दिवस कसा गेला हे मला तिच्याकडून कळायचं. लेक माझ्यावर गेली आहे.

बाईंनी उपाय सांगितला, रोज जेवताना एकेका विषयावर इंग्रजीत बोला. मी कामाला लागलो. सकाळी निघताना विषयाची चिठ्ठी मिठाच्या बरणीखाली ठेवायचो. संध्याकाळी तिचं उत्तर तयार असायचं, पानभर, नेटकं. मी जेवता जेवता तपासून शेरा लिहायचो, ती तो वाचायची, की आम्ही ताटं उचलायचो. आठवडाभर असं छान चाललं होतं. बाईंना मी छातीठोकपणे सांगितलं की सराव जोरात चालू आहे. त्यांनी विचारलं, आवाज आता मोकळा निघतो का, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो मी ऐकलेलाच नाही.

काल मग तोंडी घेतलं. विषय होता घरातली आवडती खोली. ती म्हणाली, स्वयंपाकघर. का, असं विचारणं माझ्याकडे होतं. ते मला जमलं नाही. गॅस बंद आहे का ते बघायला मी उठलो.

असो. साडूभाऊंना नमस्कार सांगा.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. थोडे दिवस येऊन राहाल का? इंग्रजी येत नाही म्हणून संकोच करू नका. इंग्रजी आमच्याकडे भरपूर आहे, बोलणारं माणूस नाही. तुमचा आवाज थेट तुमच्या बहिणीसारखा आहे, त्याचं आम्ही बघून घेऊ.

आणखी एक. हे पत्र लेकीला वाचायला दिलं. बरं आहे म्हणाली. मग दारात थांबून म्हणाली, "बाबा, मावशीला विचारा, आई लहानपणापासून इतकी बोलायची, की आपण दोघं बोलत नव्हतो म्हणून तिला बोलावं लागायचं?" तुमची बहीण गेल्यापासून एवढं लांब वाक्य आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. उत्तर मला माहीत नाही. तुम्ही ते कृपा करून पत्राने कळवू नका.